उपग्रहाचे इंटरनेट : निवडीपूर्वीची चार मोजमापे

(इयत्ता सहावी व सातवीच्या शिक्षकांकरिता. विषय : सामान्य विज्ञान, भूगोल व व्यवहारी गणित)

पाठाचा हेतू

ज्या वाडीपर्यंत तार पोहोचलेली नाही आणि टॉवरची रेंजही लागत नाही, अशा वाडीतील घरास, दुकानास अथवा शाळेस उपग्रहाद्वारे इंटरनेट मिळू शकते, ही गोष्ट आता खेडोपाडी ठाऊक झाली आहे. परंतु ते आपणांस घ्यावयाचे की नाही, आणि घ्यावयाचे झाल्यास कोणत्या प्रकारचे घ्यावयाचे, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याने घेतले म्हणून सोडविला जातो. वास्तविक हा प्रश्न मोजपट्टी, सावली आणि साधा गुणाकार-भागाकार यांनी सुटण्याजोगा आहे. ते मुलांना, आणि मुलांच्या द्वारे पालकांना, पटवून देणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. खेड्यात अशा बाबतीत पहिला सल्ला विचारला जातो तो शिक्षकास. यास्तव शिक्षकाची स्वतःची समज आधी पक्की असावयास पाहिजे.

१. आपल्या जिल्ह्याची परिस्थिती

जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर टांगून पाठास आरंभ करावा. उत्तरेस बाणकोटची खाडी, दक्षिणेस विजयदुर्गची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस सह्याद्री, अशा या पट्ट्यात सपाट भूमी फारच थोडी. डोंगरांच्या सोंडा, जांभ्या कातळाचे सडे आणि त्यांच्या पोटाशी वसलेल्या वाड्या, अशी आपल्या गावांची ठेवण आहे. टॉवरच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला म्हणजे पलीकडील वाडी लहरींच्या सावलीत पडते. तार जमिनीतून न्यावी तर कातळ फोडावा लागतो, आणि खांबांवरून न्यावी तर पावसाळ्यात फांदी पडून ती तुटते.

ही अडचण किती मोठी आहे हे शिक्षकांस सांगावयास नको. पोषण आहाराची नोंद, विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्ती परीक्षेचे आवेदनपत्र, ही सर्व कामे आता इंटरनेटवरून करावयाची असतात. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेचे उदाहरण घ्यावे. तिचे आवेदन इंटरनेटवरूनच भरावे लागते, आणि त्या परीक्षेस मुलाला एकदाच बसता येते. शेवटच्या दिवशी रेंज मिळाली नाही, तर त्या मुलाची ती संधी कायमची गेली.

आपत्तीच्या वेळी तर ही अडचण जिवावर बेतते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले व त्याचा तडाखा मंडणगड आणि दापोली या तालुक्यांस बसला. विजेचे खांब पडले आणि अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. पुढे २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले, तेव्हाही वीज आणि दूरध्वनी बंद पडले. जो संदेश गावच्या तारेवर किंवा जवळच्या टॉवरवर अवलंबून नाही, त्याचे मोल अशा वेळी कळते.

२. उपग्रह किती उंचीवर आहे ?

उपग्रहाचे इंटरनेट ही कल्पना एकाएकी आलेली नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशांशी दळणवळण साधण्याकरिता उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. १९७५-७६ या वर्षी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणाकरिता असा एज्युसॅट हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. बँकांची एटीएम यंत्रे तर कित्येक वर्षे छपरावरील तबकडीच्या साहाय्याने उपग्रहाशी जोडलेली आहेत.

तथापि सर्व उपग्रह एका उंचीवर नसतात, आणि निवडीचा पहिला फरक येथेच पडतो. उपग्रहांचे तीन वर्ग मुलांना सांगावेत.

पहिला वर्ग भूस्थिर उपग्रहांचा. हे विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांची गती पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याशी जुळलेली असल्यामुळे ते आकाशात एकाच जागी स्थिर दिसतात. ५ डिसेंबर २०१८ रोजी सोडलेला ५,८५४ किलोग्रॅम वजनाचा जीसॅट-११ हा भारतीय उपग्रह या वर्गातील असून त्याचे स्थान ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडलेला जीसॅट-एन२ हाही याच वर्गातील. सप्टेंबर २०२२ मध्ये ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया या कंपनीने जीसॅट-११ व जीसॅट-२९ यांच्या साहाय्याने वेगवान इंटरनेट सेवा सुरू केली.

दुसरा वर्ग मध्यम उंचीचा, म्हणजे सुमारे ८,००० किलोमीटर. जिओ आणि एसईएस या कंपन्यांची संयुक्त योजना अशा उपग्रहांवर आधारलेली आहे.

तिसरा वर्ग जवळच्या उपग्रहांचा. वनवेब कंपनीचे सहाशेहून अधिक उपग्रह सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांपैकी ७२ उपग्रह इस्रोने ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये, प्रत्येक वेळी ३६ याप्रमाणे, श्रीहरिकोट्याहून सोडले. स्टारलिंकचे हजारो उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर आहेत. हे उपग्रह आकाशात स्थिर राहत नाहीत. एक मावळतो तोच दुसरा उगवतो, आणि घरावरील तबकडी आपोआप एकास सोडून दुसऱ्यास धरते.

आता गणित करावे. लहरींचा वेग सेकंदास ३,००,००० किलोमीटर. आपण विचारलेला प्रश्न उपग्रहाकडे चढतो व भूकेंद्राकडे उतरतो. उत्तर त्याच वाटेने चढते व उतरते. एकूण चार खेपा. भूस्थिर उपग्रहाच्या बाबतीत ३६,००० × ४ = १,४४,००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. ८,००० किलोमीटरच्या उपग्रहास सेकंदाचा सुमारे नववा भाग लागतो. ५५० किलोमीटरच्या उपग्रहाच्या बाबतीत चार खेपा मिळून २,२०० किलोमीटर होतात व त्यास सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. यंत्रांचा व जमिनीवरील वाटेचा विलंब यांत मिळवावा लागतो.

हा अर्धा सेकंद कोणास जाचतो ? पाठ ऐकताना, पत्रक धाडताना किंवा पैसे चुकते करताना तो फारसा जाणवत नाही. परंतु समोरासमोर संभाषण करताना दोघेही एकदम बोलू लागतात आणि पुन्हा दोघेही थांबतात. तसेच काही संकेतस्थळांची पाने उघडण्यापूर्वी यंत्रांमध्ये पाच-सहा वेळा प्रश्नोत्तरे होतात. तेथे अर्ध्याचे तीन सेकंद होतात. हा दोष तबकडीचा वा कंपनीचा नसून अंतराचा आहे. अधिक पैसे भरून तो जात नाही, ही गोष्ट पालकांच्या मनावर ठसवावी.

३. पहिले मोजमाप : गरज

उपग्रहाकडे वळण्यापूर्वी जमिनीवरच्या वाटा तपासून घ्याव्यात. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर केबल आली असेल, तर तेथून शाळेपर्यंत किंवा घरापर्यंत जोडणी मिळेल काय, याची चौकशी प्रथम करावी. मोबाईलची रेंज घरात लागत नसून परसातील उंचवट्यावर लागत असेल, तर तेथे बाहेरील अँटेना बसवून काम भागते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलचे स्वदेशी बनावटीचे ४जी जाळे देशभर कार्यान्वित झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेव्हा दोन वर्षांपूर्वी जेथे रेंज नव्हती तेथे आजही ती नाही, असे गृहीत धरू नये. फायबर मिळत असताना उपग्रह घेणे म्हणजे दारात विहीर असताना टँकर मागविणे होय.

काही गरजा इंटरनेटवाचूनही भागतात. केवळ पाठ दाखवावयाचे असतील, तर दूरदर्शनची फ्री डिश आणि तीवरील पीएम ई-विद्या वाहिन्या पुरेशा आहेत. त्यांना मासिक वर्गणी नाही. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरातून समुद्रात जाणाऱ्या नौकांकरिता जीसॅट-६ या उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे बसविण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशभरासाठी जाहीर झाली. ती यंत्रे वादळाचा इशारा आणि संकटाची हाक यांच्यासाठी आहेत. त्या कामास वेगवान इंटरनेट लागत नाही.

इंटरनेटच हवे असे ठरल्यावर किती हवे ते मोजावे. येथे एक घोटाळा नेहमी होतो. सेवेचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, आणि चित्रफितीचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट मिळून एक बाइट होते. म्हणून दहा मेगाबिट वेगाने सेकंदास सव्वा मेगाबाइटच माहिती येते, आणि ३०० मेगाबाइटचा पाठ उतरवून घेण्यास २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे लागतात.

वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे महिन्याचा एकूण साठा. पुष्कळ योजनांत ठरावीक साठा संपल्यावर वेग अगदी कमी केला जातो. दोन उदाहरणे फळ्यावर सोडवावीत.

शाळा : सेकंदास दीड मेगाबिट वेगाची चित्रफीत रोज एक तास दाखविल्यास १.५ × ३,६०० ÷ ८ = ६७५ मेगाबाइट. महिन्याचे २२ दिवस धरल्यास १४,८५० मेगाबाइट, म्हणजे सुमारे १५ गिगाबाइट.

पर्यटक निवास : गुहागर किंवा गणपतीपुळे परिसरात चार खोल्यांचे घरगुती निवास आहे असे समजू. प्रत्येक खोलीत रात्री तीन तास, तीन मेगाबिट वेगाने चित्रपट पाहिला जातो. एका खोलीचे ४,०५० मेगाबाइट, चार खोल्यांचे सुमारे १६ गिगाबाइट, आणि तीस दिवसांचे ४८० गिगाबाइट.

एकाच गावात एकाची गरज पंधरा व दुसऱ्याची चारशे ऐंशी. शाळेस जी योजना पुरून उरेल ती निवासवाल्यास आठवडाभरही पुरणार नाही, आणि निवासवाल्यास योग्य असलेली योजना शाळेने घेणे हा पैशाचा अपव्यय होईल. हापूसच्या पेट्यांची मागणी इंटरनेटवरून घेणाऱ्या बागायतदाराची गरज आणखी निराळी. त्यास साठा थोडा पुरतो, पण एप्रिल-मे या दोन महिन्यांत खंड पडून चालत नाही. म्हणून आधी गरज कागदावर उतरवावी, मग माहितीपत्रक वाचावे.

४. दुसरे मोजमाप : आकाश

रत्नागिरीचे अक्षांश सुमारे १७ उत्तर व रेखांश सुमारे ७३.३ पूर्व आहेत. यामुळे ७४ अंशांवरील भूस्थिर उपग्रह आपणांस जवळजवळ ठीक दक्षिणेस, क्षितिजापासून ७० अंश उंचीवर येतो, म्हणजे डोक्याच्या टोकापासून २० अंशच खाली. तबकडीस दक्षिणेकडील तेवढी एक खिडकी मोकळी मिळाली की पुरे. इतर दिशांना माड, फणस वा डोंगर असला तरी हरकत नाही.

याचा सोपा नियम असा : दक्षिणेकडील झाड तबकडीपेक्षा जितके उंच असेल, त्या उंचीस पावणेतीनने भागावे. येणाऱ्या अंतरापेक्षा झाडाचा विस्तार दूर असल्यास वाट मोकळी आहे. तबकडीपेक्षा १२ मीटर उंच असलेला माड साडेचार मीटरवर असला तरी चालतो.

जवळच्या उपग्रहांचे तसे नाही. ते सर्व दिशांना फिरतात, म्हणून तबकडीस क्षितिजापासून सुमारे ३० अंशांच्या वरचे जवळजवळ सर्व आकाश मोकळे लागते. येथे नियम असा : झाडाच्या उंचीस पावणेदोनने गुणावे. तोच १२ मीटरचा माड आता २१ मीटर दूर हवा, आणि तोही कोणत्याही दिशेस. मध्ये झाड आले तर सेवा अजिबात मिळत नाही असे नव्हे. परंतु उपग्रह त्या झाडाआड जाईल तेवढ्या वेळी संभाषण तुटते, आणि असे दिवसातून पुष्कळदा घडते. आमराईत बुडालेल्या घरास हा मोठा अडथळा आहे. उलट उघड्या सड्यावरील शाळेस तो मुळीच नाही. म्हणून सड्यावरच्या शाळेत उत्तम चाललेली सेवा खालच्या वाडीतील घरात तशीच चालेल, असा तर्क करू नये.

भूस्थिर उपग्रहाची वाट मोकळी आहे की नाही, हे मुलांना सूर्याच्या साहाय्याने दाखविता येते. वर्षातून दोनदा, १२ मार्चच्या आसपास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, मध्यान्ही सूर्य आपल्या येथून पाहता या उपग्रहाच्या जवळजवळ मागे येतो. मार्चमध्ये दुपारी पाऊण वाजता आणि ऑक्टोबरमध्ये साडेबाराच्या किंचित आधी, तबकडीच्या नियोजित जागी ऊन पडत असेल, तर वाट मोकळी आहे. सावली पडत असेल, तर ज्या झाडाची ती सावली त्याच झाडाचा अडथळा आहे. त्या वेळी एक मीटरची काठी उभी केल्यास तिची सावली सुमारे ३६ सेंटिमीटर भरते. हा प्रयोग सावली पाहूनच करावा. सूर्याकडे कोणीही पाहू नये.

या प्रयोगात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मार्चमध्ये सागाची पाने झडलेली असतात व ऑक्टोबरमध्ये ती दाट असतात. म्हणून ऑक्टोबरचा पुरावा अधिक विश्वसनीय. दुसरे असे की, याच दिवसांत सूर्य थेट उपग्रहाच्या मागे आल्यामुळे मध्यान्ही काही मिनिटे सेवा खंडित होते. तो बिघाड नव्हे. पाच-सहा दिवसांत ते आपोआप थांबते.

५. तिसरे मोजमाप : पाऊस आणि वीज

आपल्या जिल्ह्यात वर्षास ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मुसळधार सर आली की घरातील डिशवरचे चित्र गोठते, हा मुलांच्या नित्य अनुभवातील प्रसंग आहे. त्याचे कारण असे. डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते. काही नव्या सेवांच्या लहरी याहून आखूड, सुमारे दीड सेंटिमीटरच्या असतात. पावसाचा मोठा थेंब अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत असतो. लहर जितकी आखूड होत थेंबाच्या आकाराजवळ येते, तितकी ती पावसात अधिक अडविली व विखुरली जाते. चांगली यंत्रे अशा वेळी वेग कमी करून संबंध टिकवून धरतात. तरी आषाढातील मोठ्या सरीत काही मिनिटांचा खंड पडणारच. म्हणून विक्रेत्यास मेमधील वेग विचारू नये. जुलैमध्ये याच तालुक्यात ती सेवा कशी चालते हे विचारावे, आणि शक्य तर तेथील ग्राहकाकडे जाऊन पाहावे. मोठ्या व्यासाची तबकडी मिळत असेल तर आपल्या जिल्ह्यात तीच पसंत करावी.

तबकडी कौलांवर बसवू नये. जमिनीत पक्क्या पायावर जस्ताचा मुलामा दिलेला खांब उभारून त्यावर बसवावी. समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्याने साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजते. केबल नळीतून न्यावी, म्हणजे वानरांचा उपद्रव होत नाही. खांबास भूजोडणी द्यावी, आणि विजा चमकत असताना यंत्राचा प्लग काढून ठेवावा.

आता विजेचा हिशेब. जवळच्या उपग्रहांच्या तबकडीस साधारण ७५ वॉट वीज लागते असे धरू. चोवीस तासांचे १.८ युनिट, महिन्याचे ५४ युनिट. घरगुती बिलात ही भर लहान नाही. भूस्थिर उपग्रहाच्या यंत्रास बहुधा याहून कमी लागते. प्रत्येक यंत्रावर तो आकडा छापलेला असतो, तो पाहून घ्यावा.

वादळात वीज गेली असता इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीतून सुमारे १,२०० वॉट-तास हाती लागतात असे समजल्यास, तबकडी सोळा तास चालेल. ती सतत चालू ठेवली तर दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी बॅटरी संपेल. सकाळी एक तास व संध्याकाळी एक तास एवढीच चालू ठेवली, तर तीच बॅटरी आठ दिवस पुरेल. वाडीतील आजारी माणसाची खबर तालुक्यास कळविण्यास रोजचे दोन तास पुष्कळ झाले. म्हणून ज्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत अशी सेवा आहे, तेथे संकटकाळी ती कोणत्या वेळी चालू राहील, हे पावसाळ्यापूर्वीच ठरवून सूचनाफलकावर लिहून ठेवावे.

६. चौथे मोजमाप : पैसा

किंमत पाहताना केवळ महिन्याची वर्गणी पाहू नये. यंत्रसामग्री, बसविण्याचा खर्च, वर्गणी, कर आणि वीज हे सर्व धरून तीन वर्षांचा एकूण खर्च काढावा. पुढील आकडे केवळ गणितासाठी कल्पिलेले आहेत. एका योजनेत यंत्रास ३०,००० रुपये व महिन्यास ३,००० रुपये पडतात. दुसरीत यंत्रास १२,००० व महिन्यास ३,६०० पडतात. तीन वर्षांत पहिलीस १,३८,००० आणि दुसरीस १,४१,६०० रुपये होतात. तीस महिन्यांपर्यंत दुसरी स्वस्त, त्यानंतर पहिली. तेव्हा दोन वर्षांत गावात फायबर येण्याचा संभव असेल, तर दुसरीच घेणे शहाणपणाचे.

यंत्र आपल्या मालकीचे होते की भाड्याचे असते, सेवा सोडल्यास ते परत घेतात काय, बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी माणूस कोठून व किती दिवसांत येईल, पर्यटनाचा हंगाम नसताना सेवा थांबवून वर्गणी वाचविता येते काय, या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. एकट्याच्या आवाक्याबाहेर खर्च जात असेल तर ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांनी मिळून एकच जोडणी घेण्याचा विचार करावा. मात्र सेवेच्या अटींत तशी परवानगी आहे की नाही, हे आधी पाहावे.

७. परवाना

उपग्रहाशी बोलणारे यंत्र सरकारी परवान्याच्या चौकटीबाहेर वापरणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. परदेशातील नातेवाइकाने पाठविलेली किंवा चोरट्या मार्गाने आलेली तबकडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. नोंदणीची घाईही करू नये. परवाना नसताना स्टारलिंक भारतात आगाऊ नोंदणी घेत होती, म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने ती सेवा घेऊ नये असे नागरिकांस जाहीरपणे बजावले होते. पुढे त्या कंपनीस जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना आणि जुलै २०२५ मध्ये इन-स्पेस या संस्थेची मान्यता मिळाली. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने तिच्याशी इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. त्या वेळी गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव या जिल्ह्यांचा नावानिशी उल्लेख झाला.

परवाना मिळणे ही एक पायरी आहे. लहरींचे वाटप, सुरक्षेच्या चाचण्या, भूकेंद्रांची उभारणी या पुढच्या पायऱ्या होत. म्हणून कोणत्याही कंपनीविषयी वृत्तपत्रातील बातमीवर न थांबता, आपल्या पिनकोडवर सेवा प्रत्यक्ष सुरू आहे काय, हे लेखी विचारावे. ते कळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये.

८. सारांश

फायबर किंवा भरवशाची मोबाईल रेंज मिळत असेल तेथे उपग्रहाची गरज नाही. ती नसेल, आणि काम पत्रके, आवेदने व मोजके पाठ एवढेच असेल, शिवाय घर झाडीत असेल, तर भूस्थिर उपग्रहाची सेवा पुरते. संभाषण पुष्कळ, वापरणारे पुष्कळ आणि आकाश चहूबाजूंनी मोकळे असेल, तर जवळच्या उपग्रहांची सेवा अधिक योग्य. दोन्ही बाबतींत पावसाळा व वीज यांचा विचार आधी करावा. ज्याने ही चार मोजमापे करून ठेवली आहेत, त्यास विक्रेत्याशी बोलताना कोणते प्रश्न विचारावयाचे हे आपोआप समजते.

स्वाध्याय

१. १,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाद्वारे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास लहरींस किती वेळ लागेल ?

२. शाळेच्या दक्षिणेस तबकडीपेक्षा ११ मीटर उंच फणस आहे. भूस्थिर उपग्रहाकरिता तो किमान किती मीटर दूर हवा ? जवळच्या उपग्रहांकरिता किती ?

३. आपल्या घरी महिन्यास किती गिगाबाइट लागतील, याचा हिशेब पालकांच्या साहाय्याने करा.

४. आपल्या वाडीत मोबाईलची रेंज कोठे लागते व कोठे लागत नाही, हे दाखविणारा नकाशा काढा. रेंज न लागण्याचे कारण डोंगर, झाडी की अंतर, ते प्रत्येक ठिकाणी लिहा.

५. १ ऑक्टोबरच्या सुमारास ढग नसल्यास शाळेच्या अंगणात सावलीचा प्रयोग करा, व तबकडीकरिता योग्य जागा खुणेचा दगड ठेवून निश्चित करा.

शिक्षकांस सूचना : चौथ्या स्वाध्यायातील नकाशे एकत्र करून गावाचा एकच मोठा नकाशा तयार करावा व त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. नव्या टॉवरची किंवा फायबरची मागणी करताना मुलांनी प्रत्यक्ष हिंडून केलेला असा नकाशा ग्रामपंचायतीस फार उपयोगी पडतो.